विमानतळाजवळ घर बांधायचंय किंवा विमानाच्या आवाजाची तक्रार करायचीय? कोल्हापूरकरांसाठी अर्ज, कागदपत्रं आणि पायऱ्या

उजळाईवाडी, तामगाव, गडमुडशिंगी, नेर्ली, गोकुळ शिरगाव या पट्ट्यातनं मला दोनच प्रश्न सारखे येतात. एक, प्लॉट घेतलाय पण विमानतळाची एनओसी म्हणजे ना हरकत दाखला लागणार म्हणतात, ती कुठनं काढायची. आणि दुसरा, विमान अगदी छपरावरनं जातंय, बाळ दचकून उठतंय, सांगायचं कुणाला. लोकांना ही दोन वेगळी कामं वाटतात आणि ऑफिसंही वेगळी आहेत, पण एएआय म्हणजे विमानतळ प्राधिकरण जी उंचीची एनओसी देतं त्या पत्राच्या अटींमध्येच एक ओळ असते की विमानाचा आवाज, कंपनं किंवा त्यामुळं होणारं नुकसान याबद्दल अर्जदार तक्रार करणार नाही आणि भरपाई मागणार नाही. आमच्या घरी चुलत्यांनी एनओसी काढली तेव्हा सगळ्यांनी फक्त किती मजले मिळाले तेवढंच बघितलं, ही ओळ मी वाचली तोवर स्लॅब पडला होता. म्हणून दोन्ही विषय एकत्रच लिहितोय.

आधी विमान कुठनं येतंय ते समजून घ्या

१९३९ मध्ये छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात इथं विमानं उतरायला लागली तेव्हा भोवती निव्वळ शेती होती. आता मार्च २०२४ मध्ये नवीन टर्मिनलचं उद्घाटन झालं, नाईट लँडिंगची सोय झाली, आणि दुसरीकडं हायवेलगत प्लॉटिंगही वाढत गेलं. आपल्या धावपट्टीचा नंबर आहे ०७/२५, म्हणजे तिची एक दिशा साधारण ७० अंश, पूर्वेकडं थोडी उत्तरेला झुकलेली, आणि दुसरी २५० अंश, पश्चिमेकडं थोडी दक्षिणेला. विमान शक्यतो वाऱ्याला तोंड करून उतरतं आणि उडतं, त्यामुळं पावसाळ्यात पश्चिमेचा वारा असला की उतरणारी विमानं पूर्वेच्या अंगानं येतात आणि उडणारी पश्चिमेकडं जातात, वारा फिरला की हे उलटं होतं. "मागच्या महिन्यात आवाज नव्हता, आताच मार्ग बदलला" अशी तक्रार बऱ्याचदा या वाऱ्यामुळं असते, मार्ग तोच असतो. प्लॉट बघायला उन्हाळ्यात एकदाच जाऊन आलात तर निम्मंच कळतं, जुलैतही एक चक्कर मारा.

उंचीचा अंदाज असा लावा. उतरताना विमान साधारण ३ अंशाच्या कोनात खाली येतं, म्हणजे टेकायच्या जागेपासून दर किलोमीटरला सुमारे ५२ मीटर. त्या रेषेत दोन किलोमीटरवर घर असेल तर विमान तुमच्या वर जेमतेम १०५ मीटरवर असणार, आणि ते बेकायदा खाली आलंय असं नाही, ते तिथंच असायला पाहिजे.

उंचीची एनओसी

यासाठी लागू आहेत केंद्र सरकारचे २०१५ चे उंची निर्बंध नियम, ज्यांत २०२० मध्ये दुरुस्ती झाली. विमानतळाच्या मध्यबिंदूपासून २० किलोमीटरपर्यंतची बांधकामं या नियमांच्या कक्षेत येतात, म्हणजे आपलं अख्खं कोल्हापूर शहर आणि कागलही त्यात आलं. फक्त मोठ्या बिल्डरला लागतंय असं नाही, घर, अपार्टमेंट, कारखान्याची चिमणी, मोबाईल टॉवर सगळ्यांची उंची तपासली जाते. ज्या विमानतळाचा रंगीत झोनिंग नकाशा, म्हणजे कुठल्या भागात किती उंच बांधता येतं हे रंगांनी दाखवणारा नकाशा, तयार असतो तिथं लाल भाग सोडून बाकी रंगांत ठरलेल्या उंचीपर्यंत स्थानिक परवानगी देणारं ऑफिसच मंजुरी देऊ शकतं, लाल भागात मात्र एएआयचीच एनओसी लागते. तुमचा गट नंबर कशात बसतो हे बांधकाम परवाना देणाऱ्या ऑफिसात आधी विचारा. शहरालगतच्या ज्या ४२ गावांसाठी कोल्हापूर नागरी विकास प्राधिकरण झालंय त्या गावांतल्या लोकांनी ग्रामपंचायतीच्या तोंडी होकारावर थांबू नका, प्राधिकरणात जाऊनच विचारा.

अर्ज कोण करू शकतं? जागेचा मालक, किंवा मालकानं अधिकारपत्र दिलेला माणूस, मग तो आर्किटेक्ट असो नाहीतर बिल्डर. अर्ज एएआयच्या नोकास नावाच्या पोर्टलवर ऑनलाईनच भरायचा. कागदं तशी थोडीच आहेत: मालकीचा पुरावा म्हणून सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, हमीपत्र, दुसरा कुणी अर्ज करत असेल तर अधिकारपत्र, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जागेचे अक्षांश-रेखांश आणि समुद्रसपाटीपासूनची उंची यांचा दाखला. अर्ज अडकतात ते याच दाखल्यावर. अक्षांश-रेखांश डब्ल्यूजीएस-८४ म्हणजे जीपीएस वापरतं त्या पद्धतीत, अंश-मिनिट-सेकंदात, आणि प्लॉटच्या प्रत्येक कोपऱ्याचे पाहिजेत, गेटपाशी उभं राहून घेतलेला एकच पॉइंट चालत नाही. मोबाईलच्या जीपीएसवर दिसणारी उंची तर अजिबात टाकू नका, तिच्यात कित्येक मीटरचा फरक असतो आणि तेवढ्यात तुमचा एक मजला जाऊ शकतो. चांगला सर्व्हेअर लावा, इथं पैसे वाचवायला जाऊ नका. त्याआधी भूमी अभिलेखची मोजणी झालेली असली तर फार बरं पडतं, कारण हद्दच वादात असेल तर कोपरे कुठले धरायचे?

एनओसी आली की त्यात मजले लिहिलेले नसतात, समुद्रसपाटीपासूनची कमाल उंची लिहिलेली असते, आणि इथं भलेभले फसतात. समजा जागा ६०५ मीटरवर आहे आणि पत्रात ६२० मीटर आलंय, तर तुम्हाला फक्त १५ मीटर मिळाले, आणि त्या १५ मीटरमध्ये जिन्याची खोली, लिफ्टची खोली, पाण्याची टाकी, अँटेना, वीजरोधक सगळं बसवायचं. बांधकामाची क्रेनसुद्धा त्याच्या वर जाऊन चालत नाही. पत्राला मुदत असते ती बघून ठेवा, आणि उंची कमी मिळाली असं वाटत असेल तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अपील समितीकडं दाद मागता येते. झाडांचंही लक्षात ठेवा, अडथळे हटवण्याचे १९९४ चे नियम इमारतींबरोबर झाडांनाही लागू आहेत, त्यामुळं विमानाच्या रेषेत निलगिरीची रांग लावायच्या आधी विचार करा.

आणि आता ती तक्रार न करण्याची अट. पत्र हातात आल्यावर घरातल्या सगळ्यांनी बसून मोठ्यानं वाचा, बांधायचं ठरलंच तर मग आवाज कमी करायची जोडणी बांधतानाच लावा. झोपायच्या खोल्या विमानाच्या रेषेच्या उलट्या बाजूला घ्या, खिडक्यांना दुहेरी काच आणि फटी बंद करणारं रबर लावा, आणि वरच्या मजल्यावर पत्रा टाकू नका, पत्र्याखाली विमानाचा आवाज सहनच होत नाही.

आवाजाची तक्रार

ज्यांची घरं जुनी आहेत, एनओसीचा संबंधच आला नाही, त्यांच्यासाठी हे जास्त कामाचं. पात्रता वगैरे काही नाही, तिथं राहणारा कुणीही तक्रार करू शकतो, भाडेकरूसुद्धा. पण पहिल्याच दिवशी अर्ज करू नका, आधी किमान महिनाभर एक वही घाला. तारीख, वेळ, उतरत होतं की उडत होतं, किती वेळ आवाज राहिला, एवढंच. फ्लाइटरडार२४ ॲपवर त्या क्षणी बघितलं तर फ्लाइट नंबर आणि उंची दिसते, त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. मात्र ॲपवरची उंची जमिनीपासूनची नसते, साधारण समुद्रसपाटीपासूनची असते आणि आपला भागच जवळपास २,००० फुटांवर आहे, त्यामुळं ॲपवर २,६०० दिसलं तर विमान तुमच्या वर फक्त सहाशे फुटांच्या आसपास आहे. मोबाईलवरच्या डेसिबल ॲपचा आकडा पुरावा म्हणून धरत नाहीत, पण कुठल्या वेळी जास्त त्रास होतोय हे वहीत तुलना करायला चालतो.

आता नियम. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत रहिवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे आणि बरेचजण तीच अर्जात लिहितात, पण विमानतळ परिसरासाठी २०१८ मध्ये पर्यावरण मंत्रालयानं वेगळी अधिसूचना काढलीय. तिच्यात वर्षाला ५०,००० पेक्षा जास्त उड्डाणं-उतरणं असलेल्या गर्दीच्या विमानतळांना दिवसा ७० आणि रात्री ६५ अशी मर्यादा आहे, रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. कोल्हापूर त्या गर्दीच्या वर्गात येत नाही. म्हणून अर्जात ५५-४५ च्या आकड्यावर वाद घालू नका, वेळ, वारंवारता आणि माहितीची मागणी यावर भर द्या.

अर्ज आधी विमानतळ संचालकांच्या नावानं लेखी द्या आणि पोच घ्या. सोबत पत्त्याचा पुरावा, घराचे अक्षांश-रेखांश, वहीची झेरॉक्स आणि शेजाऱ्यांच्या सह्या. नंतर मंत्रालयाच्या एअरसेवा ॲपवर किंवा केंद्राच्या सीपीग्राम्स या तक्रार पोर्टलवर तीच तक्रार टाका. सीपीग्राम्सवर २१ दिवसांत निकाली काढायचं धोरण आहे आणि उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांत अपील करता येतं. मी स्वतः एकदा एका ऑफिसात नुसतं तोंडी सांगून आलो होतो, साहेबांनी चहा पाजला, नीट ऐकून घेतलं आणि कागद नसल्यामुळं सहा महिन्यांनी कुणाला काही आठवतच नव्हतं. विमानतळाबाहेरचा आवाज असेल, म्हणजे जनरेटर, कारखाना वगैरे, तर तो महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं, त्यांचं कार्यालय उद्योग भवनात आहे. दोन्ही आवाज एका अर्जात मिसळू नका.

माझ्या मते सगळ्यात उपयोगी कागद आहे आरटीआय, म्हणजे माहिती अधिकाराचा अर्ज. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ, उत्तर ३० दिवसांत, अर्ज मराठीतही चालतो. "आवाज का होतो" असं विचारू नका, त्याला उत्तर देणं बंधनकारक नाही, कागद मागा. अमुक ते अमुक तारखेला धावपट्टीची ०७ आणि २५ बाजू प्रत्येकी किती वेळा वापरली, रात्री १० नंतर किती उड्डाणं झाली, ध्वनी क्षेत्राचा नकाशा केला असल्यास त्याची प्रत. आणि विमानतळ प्रकल्प २००६ च्या पर्यावरण मंजुरीच्या अधिसूचनेत येतात, मंजुरी घेतलेल्या प्रकल्पाला दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, अटी पाळल्याचा अहवाल द्यावा लागतो, त्यात बहुतेकदा आवाजाची मोजमापं असतात. ते अहवाल मागा, म्हणजे मोजणी कुठल्या ठिकाणी केली आणि तुमच्या वस्तीजवळ एकदा तरी केली का, हे तुमच्या अक्षांश-रेखांशाशी ताडून बघता येतं. उत्तर आलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील.

एकट्याच्या अर्जापेक्षा ग्रामसभेचा ठराव जड पडतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर यातली जवळची सभा पकडा, विषयपत्रिकेत विषय आधीच घालायला सांगा, आणि ठरावात मागणी नेमकी ठेवा: वस्तीत मोजणी करा, रात्रीचं वेळापत्रक कळवा, शाळेच्या आणि दवाखान्याच्या खिडक्यांसाठी मदत द्या. "विमानतळ हलवा" असलं काही लिहिलं की बाकीचं कुणी वाचत नाही. ठरावाची प्रत विमानतळ सल्लागार समितीला द्या, तिचे अध्यक्ष स्थानिक खासदार असतात आणि वेळापत्रकाचे, सोयींचे विषय तिथं निघतात. एवढं करूनही काही हललं नाही तर पुण्याला राष्ट्रीय हरित लवाद आहे, पण तिथं कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावं लागतं, त्यामुळं वहीतली पहिली तारीख वकिलाला आधी दाखवा.