कापडी सीटचा रंग : पार्श्वभूमी

छत्रपती संभाजीनगर, जालना किंवा नांदेडच्या कुशनवाल्याकडे जाऊन ‘गाडीच्या कापडी सीटचा रंग बदलून द्या’ म्हटले, तर तो रंगाचा डबा काढत नाही, कव्हरच्या नमुन्यांचा अल्बम पुढे सरकवतो. त्यात त्याचा धंदा आहेच. पण खरी अडचण सीटच्या धाग्यात आहे, आणि ती गेल्या पन्नासेक वर्षांतली आहे.

त्याआधी कापड रंगवणे या भागाला नवे नव्हते. संभाजीनगरच्या गुलमंडीजवळच्या रंगारगल्लीच्या नावात तो व्यवसाय अजून आहे. पैठणीचे रेशीम काय, हिमरूचे सूत-रेशीम काय, हे धागे पाणी पितात आणि पाण्याबरोबर रंगही आत घेतात. नीळ, मंजिष्ठा आणि रंग धरून ठेवणारी तुरटी यांवर हा व्यवसाय चालला. १८८४ साली काँगो रेड हा कृत्रिम रंग आला आणि तुरटीशिवाय थेट सुतावर चढणाऱ्या ‘डायरेक्ट’ रंगांची सुरुवात झाली. अँबेसिडरवर घालत तसले सुती कव्हर आजही घरी रंगवता येते. कापडाच्या वजनाच्या दोन-तीन टक्के डायरेक्ट रंग, दहा ते वीस टक्के मीठ, कापड मोकळे हलेल एवढे भगोणे आणि उकळीजवळ पाऊण तास, एवढे पुरते. मीठ कमी पडले तर रंग पाण्यातच राहतो. कापड हलवले नाही तर पट्टे उमटतात.

सुती कव्हराखाली मात्र बहुधा रेक्झिन असे. अँबेसिडर, पद्मिनी आणि नंतरच्या काळीपिवळी जीपमध्येही तेच. त्याचा रंग वरच्या व्हायनल नावाच्या प्लास्टिकच्या थरातच मिसळलेला असतो. त्यावर व्हायनलचा रंग नीट बसतो, कारण त्यातले द्रावक पृष्ठभाग किंचित मऊ करून रंगाला धरून ठेवते. रेक्झिनची तक्रार वेगळीच होती. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीत बसले की चटका बसायचा आणि घामाने पाठ चिकटायची. म्हणून तर त्यावर टॉवेल आले.

मग पॉलिस्टर आले. व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघा ब्रिटिश रसायनतज्ज्ञांनी १९४१ मध्ये या धाग्याचे पेटंट घेतले, आणि १९७० नंतर जगभरच्या मोटारींच्या सीटवर त्याने हळूहळू कब्जा केला. कारण साधे होते. काचेआडच्या उन्हात नायलॉन लवकर कमकुवत होते, सूत विटते आणि झिजते, पॉलिस्टर दोन्ही सोसते. आपल्याकडे उदारीकरणानंतरच्या गाड्यांमध्ये ते सर्रास दिसू लागले.

पण पॉलिस्टर पाणी पीत नाही. सुताचा रंग त्यात घुसतच नाही, वरवर बसतो आणि पहिल्या पुसण्यात निघतो. त्याला डिस्पर्स, म्हणजे पाण्यात न विरघळता बारीक कणांनी पसरणारे रंग लागतात. हे रंग १९२० च्या दशकात अ‍ॅसिटेट धाग्यासाठी बनवले होते, ते पुढे पॉलिस्टरच्या कामी आले. त्यांनाही आत शिरायला धागा सैल व्हावा लागतो, म्हणून गिरण्या बंद यंत्रात दाबाखाली १३० अंशांवर रंगवतात. स्वयंपाकाचा कुकर १२० अंशांच्या आसपास थांबतो. उघड्या भांड्यात १०० च्या वर जाताच येत नाही, तिथे धागा सैल करणारी ‘कॅरियर’ नावाची उग्र वासाची रसायने घालावी लागतात. काही सीटांच्या धाग्यात तर रंग धागा ओढण्यापूर्वी, वितळलेल्या पॉलिस्टरमध्येच मिसळलेला असतो. तो बदलायला काही उपायच नाही.

शिवाय सीटचे कापड एकटे नसते. त्याच्या मागे काही मिलिमीटर फोम चिकटवलेला असतो. खोळ काढून उकळली की फोम सुटतो, कापड आटते आणि पुन्हा सीटवर चढताना शिवण फाटते. कुशनवाला नाही म्हणतो ते यासाठी.

बाजारात ‘सीट डाय’ म्हणून मिळणारी बाटली म्हणजे बहुतेक वेळा रंगद्रव्य आणि त्याला चिकटवणारे अ‍ॅक्रेलिक. तो रंग धाग्यात जात नाही, वर बसतो. हे मान्य करूनच काम करावे. आधी सीटखालच्या झाकल्या भागातून एक दोरा काढून चिमट्यात धरून, गाडीपासून लांब जाळून पाहावा. वितळून कडक काळा मणी झाला तर कृत्रिम धागा, कागदासारखी राख झाली तर सूत. मग सीट व्हॅक्यूम करून, शाम्पूने धुऊन दिवसभर वाळवावी. धुण्यासाठी बोअरचे पाणी नको, वाळताना क्षारांच्या पांढऱ्या कडा उमटतात. जारचे पाणी घ्यावे. हेडरेस्टवरचे खोबरेल तेल आणि डॅशबोर्डच्या पॉलिशमधून उडालेले सिलिकॉन, या दोन्हींवर रंग धरत नाही, ‘डोळे’ म्हणजे गोल कोरे ठिपके पडतात.

हाताने लावायचे तर दोन भाग कापडाचा अ‍ॅक्रेलिक रंग, एक भाग फॅब्रिक मीडियम (रंग कापडावर लवचीक ठेवणारे द्रव) आणि मिश्रण ताकाइतके पातळ होईल एवढे पाणी. कापड किंचित ओलसर ठेवून तीन-चार पातळ हात द्यावेत आणि प्रत्येक हातानंतर मऊ ब्रश फिरवून लव मोकळी करावी. एकच जाड हात दिला की सीट पुठ्ठ्यासारखी होते आणि बसायच्या कडेला तडकते. स्प्रे असेल तर मे महिन्यात दुपारी मारू नये. थेंब हवेतच वाळतात आणि पृष्ठभाग भुकटीसारखा खरखरीत होतो. सकाळी लवकर, सावलीत मारावा. दोन दिवसांनी ओले पांढरे फडके घासून पाहायचे. रंग आला तर पांढरा सदरा घालून बसू नये.

फिक्यावरून गडदाकडेच जाता येते. ब्लीच पॉलिस्टरच्या रंगाला फारसे काही करत नाही, उलट शिवणीचा दोरा नायलॉनचा असेल तर तो कमकुवत करते.

विटलेल्या सीटबद्दलही थोडे. पुढची काच दोन थरांची असते, मधला प्लास्टिकचा थर अतिनील किरण बहुतांशी अडवतो. बाजूच्या साध्या काचा तेवढे अडवत नाहीत. म्हणून दाराकडची कड आधी विटते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये काचांवरच्या काळ्या फिल्मला मनाई केल्यावर ऊन आणखी आत आले. अशा विटक्या पट्ट्यापुरताच रंग लावला तर तो चटकन ओळखू येतो, कापडाचा पूर्ण तुकडा शिवणीपासून शिवणीपर्यंत करावा.

सीटच्या बाजूला एअरबॅगची खूण असेल तर त्या शिवणीवर रंग लावू नये, तो दोरे एकमेकांना चिकटवतो आणि एअरबॅग बाहेर यायला ती शिवण वेळेवर उसवायलाच हवी. कव्हर घेतानाही त्या बाजूला मोकळी जागा ठेवलेलेच घ्यावे, अल्बममधल्या सगळ्याच कव्हरांना ती नसते.