लिव्हरमधला डाग : आतड्याच्या कॅन्सरच्या स्कॅनमागचा इतिहास

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे निदान झाले की पोटाचा सीटी स्कॅन होतोच, आणि रिपोर्ट हातात पडला की सर्जनची नजर आधी लिव्हरच्या ओळींवर जाते. कारण आतड्याचे रक्त थेट हृदयाकडे जात नाही; पोर्टल व्हेन नावाच्या मोठ्या शिरेतून ते आधी लिव्हरमध्ये जाते. गाठीतून सुटलेल्या पेशींचा पहिला मोठा मुक्काम म्हणून तिथेच पडतो. (मलाशयाच्या अगदी खालच्या भागातले काही रक्त वेगळ्या वाटेने जाते, त्यामुळे तिथल्या कॅन्सरमध्ये फुप्फुसांवरही बारीक लक्ष ठेवावे लागते.) साधारण पाचातल्या एका रुग्णात निदानाच्या वेळीच आजार बाहेर पसरलेला असतो, आणि तो सर्वाधिक वेळा लिव्हरमध्येच सापडतो.

स्कॅन नव्हते तेव्हा सारी भिस्त हातावर होती. पोट उघडल्यावर सर्जन लिव्हर दोन्ही हातांत धरून चाचपत. पृष्ठभागावरची टणक गाठ हाताला लागे. आत खोल दडलेली बोराएवढी गाठ सुटून जाई. १९५० आणि ६०च्या दशकांत किरणोत्सारी पदार्थ टोचून लिव्हरचे चित्र काढणे सुरू झाले. टेक्नेशियम या किरणोत्सारी पदार्थाचे कोलॉइड (अतिबारीक कणांचे मिश्रण) निरोगी लिव्हरमधल्या कुप्फर पेशी, म्हणजे बाहेरचे कण गिळणाऱ्या पेशी, गिळतात, कॅन्सरची गाठ गिळत नाही, म्हणून गाठीच्या जागी चित्र रिकामे राही. मात्र लहान गाठी त्यात बहुधा दिसत नसत, आणि रिकामी जागा कॅन्सरची की साध्या सिस्टची (पाण्याने भरलेल्या पिशवीची), तेही कळत नसे. कल्पना मात्र पक्की होती, ती पुढे पुन्हा कामी आली.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले हॉस्पिटलमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला. तो मेंदूचा होता. डोके स्थिर ठेवता येते, पोट श्वासागणिक हलते. त्यामुळे पोटाची उपयोगी चित्रे मिळायला आणखी काही वर्षे गेली. ती मिळाल्यावरही अडचण संपली नाही. डायशिवाय (चित्रात फरक उठून दिसावा म्हणून शिरेत सोडतात त्या औषधाशिवाय) काढलेल्या सीटीवर लिव्हर आणि गाठ, दोन्ही जवळपास एकाच करड्या रंगाची.

इथे लिव्हरची एक खुबी मदतीला आली. निरोगी लिव्हरला सुमारे तीन चतुर्थांश रक्त पोर्टल व्हेनमधून मिळते, उरलेले धमनीतून. कॅन्सरच्या गाठी मात्र मुख्यतः धमनीवर पोसल्या जातात. हाताच्या शिरेत डाय सोडली की साधारण ७० सेकंदांनी ती पोर्टल व्हेनमधून लिव्हरभर पसरते. लिव्हर उजळते, गाठ काळसर राहते. थोडा उशीर झाला की हा फरक पुसट होतो. जुने यंत्र एकेक काप काढून टेबल सरकवत असे, प्रत्येक कापाला वेगळा श्वास रोखायचा. लिव्हरच्या खालच्या टोकाला पोचेपर्यंत योग्य वेळ निघून गेलेली असे. म्हणून ८०च्या दशकात काही ठिकाणी जांघेतून आतड्याच्या धमनीपर्यंत कॅथेटर (बारीक नळी) नेऊन, त्यातून डाय सोडत सीटी काढत. गाठी छान दिसत, पण खोटे डागही बरेच दिसत, शिवाय रुग्णाला होणारा त्रास वेगळाच. १९८९च्या सुमारास टेबल सरकत असतानाच सलग फिरत चित्रे घेणारा हेलिकल सीटी आला आणि अख्खे लिव्हर एका श्वासात घेता येऊ लागले. माझ्या मते या सगळ्या कथेतला खरा टप्पा हाच. नवे यंत्र येण्याइतकेच महत्त्व डायची वेळ साधता येण्याला आहे.

तोवर सर्जनचा प्रश्नही बदलला होता. १९८८ मध्ये अमेरिकेत ८५९ रुग्णांची एकत्रित नोंद प्रसिद्ध झाली: लिव्हरमधल्या गाठी काढलेल्यांपैकी सुमारे ३३ टक्के पाच वर्षांनंतर जिवंत होते. म्हणजे लिव्हरमध्ये पसरले की संपले, असे उरले नाही. मग गाठी किती, हे महत्त्वाचे झाले. तीनपेक्षा जास्त असतील तर बरेच सर्जन हात लावत नसत. पुढे ती अटही ढिली झाली, आणि काढल्यानंतर पुरेसे निरोगी लिव्हर उरते का, हे पाहिले जाऊ लागले. त्यासाठी फ्रेंच सर्जन क्लोद क्विनो यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या लिव्हरच्या आठ भागांपैकी नेमक्या कुठल्या भागात कुठली गाठ, याचा नकाशा हवा. जपानमध्ये सर्जन मासातोशी माकुउची यांनी ऑपरेशन चालू असताना थेट लिव्हरवर सोनोग्राफीचा प्रोब ठेवून हा नकाशा अधिक नेमका केला.

निरोगी लिव्हर पदार्थ घेते, गाठ घेत नाही, ही कोलॉइडच्या काळातली जुनी कल्पना एमआरआयमध्ये परत आली. गॅडोक्सेटिक ॲसिड ही डाय लिव्हरच्या पेशी आत ओढून घेतात आणि पित्तातून बाहेर टाकतात. कॅन्सरच्या गाठीत अशा पेशी नसतात. डाय दिल्यावर वीसेक मिनिटे थांबायचे, मग 'श्वास सोडा, रोखून धरा' ऐकत पुन्हा चित्रे. उजळलेल्या लिव्हरमध्ये काही मिलिमीटरचा काळा ठिपकाही उठून दिसतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सुरुवातीला सीटी केलेल्यांपैकी ३९ टक्के रुग्णांना आणखी तपासणी लागली. या डायच्या एमआरआयनंतर एकालाही नाही. पेट-सीटीचा (किरणोत्सारी साखर टोचून गाठी शोधणाऱ्या स्कॅनचा) गाजावाजा मोठा होता, पण त्याच वर्षीच्या कॅनडातल्या अभ्यासात त्याने ऑपरेशनचा बेत जेमतेम ८ टक्के रुग्णांत बदलला. २०२४च्या युरोपातल्या कॅमिनो अभ्यासात सीटीवर ठरलेला उपचार एमआरआयनंतर २९८ पैकी ९२ जणांत बदलावा लागला.

केमोने नवाच पेच आणला. औषध लागू पडले की छोट्या गाठी स्कॅनवरून नाहीशा होतात. त्या बऱ्या झाल्या का? २००६ मध्ये फ्रेंच सर्जननी सीटीवरून नाहीशा झालेल्या ६६ गाठींच्या जागांचा माग ठेवला. ५५ ठिकाणी कॅन्सर शिल्लक होता किंवा परत आला. केमोमुळे लिव्हरमध्ये चरबी साठली की सीटीवर गाठ ओळखणे आणखी अवघड होते. म्हणून एमआरआय शक्यतो केमो सुरू होण्याआधी करून घेतात, आणि नाहीशी होण्याची शक्यता असलेल्या गाठीजवळ काही केंद्रांत सुईने धातूची बारीक खूण आधीच ठेवतात, म्हणजे ऑपरेशनच्या वेळी सोनोग्राफीवर ती जागा सापडते.