सर स्वतः स्ट्रायकर (पुढे गोल करणारे) होते, मग माझा मुलगा डिफेन्सला (मागे गोल अडवायला) का?

फुटबॉलच्या प्रत्येक नव्या बॅचला हा प्रश्न येतोच, म्हणून छापूनच देतोय. आमचे सर कोल्हापुरात पेठेतल्या तालमीच्या संघाकडून खेळत मोठे झाले, पुढे गोव्यात आणि मुंबईत व्यावसायिक क्लबांकडून खेळले. तरीही बारा वर्षांखालच्या मुलाला ते एका जागी बांधून ठेवत नाहीत. आज डिफेन्सला असलेला पुढच्या महिन्यात विंगला, म्हणजे कडेनं पुढे धावताना दिसेल.

"एवढे खेळलेत, मग प्रशिक्षकाच्या लायसन्सचे कोर्स कशाला करत बसतात?" हेही विचारतात. खेळता येणं वेगळं, शिकवता येणं वेगळं. खालिद जमील यांचंच बघा, ते महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया या क्लबांकडून खेळले. २००९ला मुंबई एफसीत प्रशिक्षक झाले, मिझोरमच्या ऐजॉल क्लबला आय-लीग ही देशातली क्लबांची स्पर्धा जिंकून दिली ती २०१७ला, आणि भारतीय संघ हाती आला २०२५मध्ये. आमच्या सरांनीही पहिल्या पायरीच्या डी लायसन्सपासूनच सुरुवात केली.

आता खरा त्रास. शाहू स्टेडियमच्या गॅलरीत कुणी काय ओरडावं, यावर आमचं काही म्हणणं नाही, तिथं आम्हीही ओरडतो. रविवारच्या सराव सामन्यात मात्र कृपा करा. पास पायात यायच्या आधी मान वळवून मागं बघायचं, एवढी एक सवय लावायला महिने जातात. पोरगं मान वळवतंय तोवर दोरीपलीकडून आवाज येतो, "मार! मार की!" ते बघायचं सोडतं आणि बॉल भिरकावून देतं. बॉल बाहेर, सरांची शिट्टी, पुन्हा पहिल्यापासून. वडील एक सांगतात आणि काका दुसरं, तेव्हा तर ते उभंच राहतं. हा वेळ तुम्ही फी भरून घेतलेला असतो.

टाळ्या वाजवा, "शाब्बास" म्हणा. सूचना नकोत. काही विचारायचं असेल तर सामना संपल्यावर सर मैदानावरच थांबतात.

जाता जाता: वाढत्या मापाचे बूट घेऊ नका, टाचेला फोड येतात. बॉल चार नंबरचा घ्या, पाच नंबरचा तेराव्या वर्षानंतर.

दहा वर्षांखालच्यांची नवी बॅच दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू होईल. त्याआधी एक सराव मोफत आहे. मुलाला घेऊन या, बूट नसले तरी चालेल, आमच्याकडचे घालून बघू.