पार्श्वभूमी: मॉडमधले बंदुकांचे आवाज आणि ‘प्युअर’चा घोळ

मॉडमध्ये, म्हणजे संगणकीय खेळात चाहत्यांनी केलेल्या फेरफारात, शस्त्राचा आवाज बदलायचा म्हणजे त्याच नावाची दुसरी फाइल बसवायची, ही समजूत 1993 च्या डूम या खेळापासून चालत आली आहे. डूममध्ये ‘डीएस’ने सुरू होणाऱ्या लंपात (खेळाच्या डेटाच्या एका तुकड्यात) 11,025 हर्ट्झचा, 8 बिटचा मोनो आवाज असे. त्याच नावाचा लंप वेगळ्या वॅडमध्ये (असे लंप भरलेल्या डेटा फाइलमध्ये) घालून तो वॅड खेळासोबत चढवला की काम झाले. स्प्राइट, म्हणजे पात्रांची-वस्तूंची सपाट चित्रे, असे सुटे चढत नसत, त्यांना आधी मूळ वॅडशी जुळवून घ्यावे लागे. त्यामुळे आवाजाचे वॅड करणे तुलनेने सोपे होते.

गोची नावातच होती. पिस्तूल आणि चेनगन यांना एकच लंप, आणि साधा बंदूकधारी झोंबीही तोच वाजवतो. चेनगन दणदणीत करायला जावे तर हातातले पिस्तूल आणि समोरचा झोंबी दोघेही त्याच सुरात गरजू लागत. त्या लंपात शांततेचे मूल्य 0 नसून 128 असते. म्हणून 16 बिटची फाइल तशीच ढकलली की नुसती खरखर येते, आणि वॅव्ह या ध्वनिफाइलचे हेडर, म्हणजे सुरुवातीची माहिती, आत राहिले तर सुरुवातीला ‘टक्’ ऐकू येते. शिवाय 11,025 हर्ट्झवर साडेपाच हजार हर्ट्झच्या वरचे काही उरत नाही. गोळीचा तडाखा जातो आणि मागे फक्त ठोका राहतो.

दुसरी मर्यादा अशी की एका पात्राकडून एका वेळी एकच आवाज. बीएफजी या अवजड बंदुकीचा चाप ओढून लगेच भिंतीवर ‘यूज’ दाबले की खेळाडूचा हुंकार बीएफजीचा आवाज गिळून टाकी, आणि समोरासमोरच्या लढतीत लोक ही युक्ती मुद्दाम वापरत. मॉड करणाऱ्यासाठी याचा अर्थ सरळ आहे: आवाजाला दोन सेकंदांची गुंज जोडली तरी पुढची गोळी सुटताच ती मधेच तुटते.

क्वेकमध्ये (1996) पात्रामागे अनेक चॅनेल, म्हणजे एकाच वेळी वाजू शकणाऱ्या आवाजांच्या वाटा, आले, पण शस्त्राच्या वाट्याला त्यातला एकच. नावांचा गोंधळ मात्र वाढला. साध्या शॉटगनच्या गोळीच्या आवाजाची फाइल ‘गनकॉक’, नेलगनची ‘रॉकेट1आय’ आणि रॉकेट लाँचरची ‘एसगन1’. नावावर विसंबून रॉकेट बदलायला गेलेला माणूस नेलगन बदलून बसे. खात्री करायची तर क्वेकसी या क्वेकच्या स्क्रिप्ट भाषेतल्या कोडमध्ये त्या शस्त्राचे फायर करणारे फंक्शन उघडून ते कोणती फाइल मागते ते पाहायचे, दुसरा मार्ग नाही.

2004 च्या काउंटर-स्ट्राइक: सोर्समध्ये फाइल आणि शस्त्र यांच्यामध्ये साउंडस्क्रिप्ट ही मजकुरी फाइल आली. फाइलचा मार्ग, चॅनेल, पिच आणि साउंडलेव्हल तिथे ठरतात. बंदुकीसाठीची ठरलेली पातळी 140 डेसिबल, आणि ती ठरवते आवाज किती दूर पोचतो ते. वॅव्ह कितीही फुगवली तरी तो आकडा हलत नाही, फक्त आवाज फाटतो. मार्गाच्या आधीचे एक अक्षरही सगळे बिघडवू शकते. ‘^’ असेल तर डावा ट्रॅक जवळचा आणि उजवा दूरचा मानला जातो. तिथे साधी स्टिरिओ फाइल ठेवली की जवळून फक्त डावी बाजू ऐकू येते आणि अंतर वाढले की उजवी.

या काळातला खरा तंटा मात्र ‘एसव्ही_प्युअर’चा. खेळाडूच्या फाइली मूळ फाइलींशी जुळतात की नाही हे सर्व्हरने तपासायचे, असा हा बदल. सुरुवातीच्या मांडणीत 0 म्हणजे तपासणी नाही, 1 म्हणजे पांढऱ्या यादीतले, म्हणजे सूट दिलेले, सोडून बाकी सगळे जुळले पाहिजे, 2 म्हणजे बाहेरचे काहीच नाही. कारण खोटे नव्हते. स्वतःच्या रायफलीचा आवाज 12 डेसिबलने उतरवून पावलांचा चढवला, तर गोळीबार चालू असतानाही मागून येणारा माणूस कळतो. ही लबाडीच. पण त्यावरचा इलाज बोथट होता. यादी फोल्डरनिहाय चालत असल्याने पावलांचे फोल्डर बंद ठेवून शस्त्रांचे खुले सोडणे सर्व्हर चालवणाऱ्याच्या हातात होते. तरीही सरसकट 2 लावले की पावलांना हात न लावणारे, निव्वळ हौसेखातर रायफल बदलणारेही त्याच दावणीला बांधले जात.

यादी नीट लिहिण्यातही पाय घसरतो. ‘साउंड/वेपन्स/*.*’ लिहिले तर सूट त्या एकाच फोल्डरपुरती मिळते, आणि इथे एके-47 चे आवाज तर त्याच्या पोटातल्या वेगळ्या फोल्डरात असतात. सूट खाली झिरपायला शेवटी तीन टिंबे, ‘...’, हवीत. एसव्ही_प्युअरचा आकडा बदलला तरी तो पुढचा नकाशा चढेपर्यंत लागू होत नाही. त्यात सूट नसलेली फाइल अनेकदा गुपचूप डावलली जाते आणि जुनाच आवाज वाजतो, कुठे तक्रार नाही. मग माणूस आपली वॅव्हच तासभर तपासत बसतो. म्हणून पहिली चाचणी नेहमी स्वतःच्या स्थानिक सर्व्हरवर घ्यावी. पुढे आकड्यांचे अर्थही सरकले: 0 म्हणजे किमान तपासणी आणि पूर्ण मोकळीक हवी तर -1. जुन्या सूचना वाचून 0 लावणारे तिथेच फसतात. 2013 मध्ये ‘कस्टम’ फोल्डर आल्यावर मॉड ठेवायला हक्काची जागा झाली, तपासणी मात्र कायम राहिली.

एकट्याने खेळायच्या खेळांत हा वाद नव्हता, तिथे अडचण फाइलच्या आत होती. स्टॉकरच्या (2007) ऑग या ध्वनिफाइलमधल्या कमेंटमध्ये किमान-कमाल अंतर, मूळ पातळी आणि शत्रूला किती दुरून ऐकू जावे हेही लिहिलेले असते. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादकातून ऑग पुन्हा काढली की ही कमेंट पुसली जाते, लॉगमध्ये ‘मिसिंग ऑग-कमेंट’ दिसते आणि सायलेन्सर लावलेले पिस्तूलही शत्रू दुरून ऐकू लागतात. आवाज बदलला म्हणता म्हणता खेळाची काठिण्यपातळी बदललेली असते. फॉलआउट 3 मध्ये (2008) शस्त्राच्या नोंदीत वेगळे रकाने आले: स्वतःच्या कानातला 2डी आणि इतरांच्या बंदुकीचा 3डी. 3डीला मोनोच लागते, स्टिरिओ दिली की दिशा हरवते.

वाइजसारखी, खेळाचे आवाज सांभाळणारी मधली साधने आल्यावर फाइलींची नावे संपली आणि नुसते आकडे उरले. एका बंदुकीमागे यांत्रिक खटका, मूळ बार, आतली आणि बाहेरची गुंज आणि प्रत्येकाचे चार-पाच पर्याय असे सगळे निरनिराळ्या वेममध्ये (वाइजच्या ध्वनिफाइलींत) असते. त्यातला एकच बदलला तर दर चार-पाच गोळ्यांत एखादीच नवी वाजते. वेम खेळात वापरलेल्या वाइजच्या आवृत्तीतूनच काढलेली बरी, नाहीतर ती मुकी निघण्याची शक्यता असते. बँकेच्या, म्हणजे अनेक आवाज एकत्र ठेवणाऱ्या फाइलच्या, सूचीत प्रत्येक आवाजाची 12 बाइटची नोंद असते, आकडा, जागा आणि लांबी अशी. नवा आवाज जुन्यापेक्षा लांब निघाला की पुढच्या सगळ्यांच्या जागा सरकतात आणि सूची नव्याने लिहावी लागते.

सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक प्रीफेचची. आवाज लगेच सुरू व्हावा म्हणून स्ट्रीम होणाऱ्या (वाजता वाजता डिस्कवरून वाचल्या जाणाऱ्या) वेमचा सुरुवातीचा तुकडा बँकेतच ठेवलेला असतो आणि पूर्ण फाइल बाहेर. बाहेरची तेवढी बदलली की पहिला क्षण जुन्या बंदुकीचा, पुढचा नव्या आणि सांध्यावर तडा. अशा वेळी नव्या वेमचा पहिला भाग, जुन्या तुकड्याइतक्याच बाइटचा, कापून बँकेत त्याच जागी बसवावा लागतो.