रोल्स की बेंटली? ग्रिल पाहून ठरवू नका

वागळे इस्टेटमधल्या आमच्या गॅरेजमध्ये कुणी जुन्या रोल्सचे फोटो घेऊन आलं, की मी आधी चासी नंबर मागतो. समोरच्या पंखवाल्या मूर्तीला लोक भुलतात. पण 1955 साली आलेल्या रोल्स-रॉइस सिल्व्हर क्लाउडला एक जुळी बहीण आहे, बेंटली एस-वन.

बेंटली कंपनी रोल्सने 1931 मध्येच विकत घेतली होती. म्हणून या दोन्ही गाड्या इंग्लंडात क्रू इथल्या एकाच कारखान्यातून निघायच्या. इंजिन तेच, 4.9 लिटरचं, सहा सिलिंडरचं. बॉडीही तीच. दरवाजे, बॉनेट आणि डिकीचं झाकण ॲल्युमिनियमचं, बाकी पोलाद. (गाडी बघायला जाताना खिशात लोहचुंबक ठेवा. दरवाजाला चिकटलं तर तो दरवाजा मूळचा नाही.)

वेगळं आहे ते तोंड. रोल्सचं ग्रिल ताठ, काटकोनी, वर त्रिकोणी माथा, बेंटलीचं गोलसर. बॉनेटही त्याच घडणीचं, त्यामुळे ग्रिल बदलायचं तर बॉनेटही बदलावं लागतं. आणि तेवढी खटपट करून बेंटलीची 'रोल्स' केलेल्या गाड्या फिरतात.

गेल्या वर्षी घोडबंदर रोडवरच्या एका गिऱ्हाइकाने लग्नाच्या वरातींसाठी अशीच एक गाडी पसंत केली. आरसी बुकात रोल्स-रॉइस लिहिलेलं. मी बॉनेट उघडलं. फायरवॉलवरच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यावरच्या, चासी नंबरच्या पट्टीवर रंगाचे तीन थर चढलेले. थिनरच्या बोळ्याने हळूहळू पुसत गेलो आणि पहिलं अक्षर निघालं 'बी'. बेंटलीचा नंबर 'बी'ने सुरू होतो. पहिल्या मालिकेतल्या साध्या सिल्व्हर क्लाउडचा 'एस'ने, डाव्या स्टिअरिंगची असेल तर त्याआधी 'एल'.

गाडी कुणाकुणाच्या हातातून गेली, हे त्या नंबरावरूनच शोधता येतं. रोल्स-बेंटलीच्या इंग्लंडमधल्या क्लबाकडे कारखान्याची चासी कार्डं आहेत, त्यांत पहिल्या मालकाची नोंद असते. पुढची कहाणी आपल्या आरटीओच्या दप्तरात. म्हणून एमएचच्या आधीचा जुना नंबर असेल तर तो जपा. 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीची विंटेज म्हणून नोंद करतानाही तो ठेवता येतो. नव्याने नोंदणी केली, तर नंबरात 'व्हीए' येतं.

कागद सांगत नाहीत ते सीट सांगते. शोफरसाठी लांब चासीची क्लाउडही निघाली, चार इंच वाढवलेली, पुढच्या-मागच्या सीटमध्ये काच. माझे वडील तशीच एक चालवायचे. अशा गाडीत पुढे फक्त ड्रायव्हरची बाजू खचलेली असते आणि मागचं लेदर पार चिरलेलं. या बेंटलीत उलटं होतं. मागची सीट जवळजवळ कोरी, म्हणजे मालक स्वतःच चालवत असावा.

गिऱ्हाइकाने ती बेंटली म्हणूनच घेतली, भाव उतरवून. मला त्याचा आनंद वाटला, कारण गाडी काही उणी नव्हती. आता गोल ग्रिल आणि त्याचं बॉनेट शोधतोय.