रासायनिक उत्परिवर्तक व कोंबड्याची प्रजननक्षमता

पेशीतील डीएनएत बदल घडवणाऱ्या रसायनाला रासायनिक उत्परिवर्तक म्हणतात. असे रसायन कोंबड्याच्या अंगात गेले की नुकसान दोन तऱ्हांनी होते: एकतर वीर्यातले शुक्राणू घटतात किंवा शुक्राणू अंडे फळवतात, पण गर्भ जगत नाही. दुसऱ्या प्रकाराला प्रभावी घातक उत्परिवर्तन म्हणतात, म्हणजे एकट्या बापाकडून आला तरी गर्भ मारणारा बदल. विट्याकडच्या अंड्यांच्या पोल्ट्रीत हा प्रश्नच येत नाही. तिथे कोंबडा नसतो. प्रश्न येतो तो उबवणीची अंडी काढणाऱ्या ब्रीडर फार्मवर आणि माण-खटावच्या परसात खुडूक कोंबडीखाली ठेवलेल्या अंड्यांत.

सातव्या दिवशी अंडे बॅटरीच्या उजेडात धरले की फळलेल्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या रक्तवाहिन्या दिसतात. गर्भ मध्येच मेला असेल तर लालसर कडे. मोकळे, पिवळसर उजळले की घरची बाई ‘गार’ म्हणून बाजूला काढते. गफलत इथेच होते. गर्भ पहिल्या दिवसा-दोन दिवसांत मेला तर तेही अंडे असेच मोकळे दिसते. म्हणून प्रयोगात ते फोडून बलकावरचा ठिपका तपासतात: न फळलेल्यात तो बारीक, घट्ट पांढरा, फळलेल्यात मोठा, कड्यासारखा.

इथिल मिथेनसल्फोनेट व बुसल्फान ही दोन्ही रसायने डीएनएला अल्किल गट (कार्बन-हायड्रोजनचे छोटे तुकडे) चिकटवतात, पण त्यांचा मार वेगळा. उंदरांत पहिल्याचा घाव मुख्यतः तयार होत आलेल्या शुक्राणूंवर बसतो, तर दुसरे शुक्राणूंच्या मूळ पेशी, म्हणजे ज्यांपासून शुक्राणू सतत बनत राहतात त्या पेशी, मारते. दुसऱ्या कोंबड्याच्या मूळ पेशींचे रोपण करण्याआधी कोंबड्याचे वृषण रिकामे करायला बुसल्फानही वापरतात.

कोंबड्यात शुक्राणू तयार व्हायला सुमारे 2 आठवडे लागतात; माणसात 2 महिन्यांहून अधिक. त्यामुळे रसायन दिल्यावर पहिल्याच आठवड्यातली अंडी बिघडली तर तयार शुक्राणू दुखावले, आणि महिन्यानंतरही बिघाड टिकला तर घाव मूळ पेशींवर, असा ढोबळ हिशेब मांडता येतो. मात्र कोंबडी हा हिशेब चुकवते. तिच्या अंडनलिकेतल्या सूक्ष्म नळ्यांत शुक्राणू 2-3 आठवडे तग धरतात, म्हणजे आजचे अंडे पंधरवड्यापूर्वीच्या शुक्राणूने फळलेले असू शकते. यावर उपाय म्हणजे माद्या आधी 3 आठवडे वेगळ्या ठेवणे, पाठ-पोट चोळून काढलेल्या ताज्या वीर्याने कृत्रिम रेतन करणे आणि प्रत्येक अंड्यावर तारीख घालणे.

उबवण घटली की लगेच रसायनावर बोट ठेवू नये. आटपाडी-जतचा उन्हाळा, म्हातारा कोंबडा आणि शिळी अंडी यांनीही तेच होते. उलट मूळ पेशी गेलेला कोंबडाही ओळखू येत नाही: संप्रेरक बनवणाऱ्या पेशी बव्हंशी शाबूत राहतात, त्यामुळे तुरा लालच असतो आणि तो पहाटे आरवतोही.