कॅलॅनस

कॅलॅनस ही कोपेपोड (कोळंबीच्या दूरच्या नात्यातले चिमुकले कवचधारी) गटातील प्राणिप्लवकांची, म्हणजे पाण्यात तरंगत वाहणाऱ्या प्राण्यांची, एक प्रजाती. मुंबईकराला प्लवक म्हटले की जवळा आठवतो. पण जवळा सेंटिमीटरमध्ये मोजतात, कॅलॅनस मिलिमीटरमध्ये. आर्क्टिक समुद्रात हिच्या तीन जाती शेजारी शेजारी आढळतात: अटलांटिकच्या पाण्यातली फिनमार्किकस (सु. ३ मिमी.), किनाऱ्यालगतच्या उथळ, बर्फाळ समुद्रातली ग्लेशियालिस (३ ते ५ मिमी.) आणि खोल पाण्यातली हायपरबोरियस, जी ७ मिमी.पर्यंत वाढते.

तिघींचे खाणे एकच, सूक्ष्म शैवाल. आणि ते वर्षातून काही आठवडेच मिळते. म्हणून सारे जगणे बेगमीवर. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागण्याआधी वेसाव्याच्या कोळणी सुका जवळा, बोंबील भरून ठेवतात, ती आगोट. कॅलॅनसची आगोट तिच्या अंगातच असते. सूक्ष्मदर्शकाखाली पारदर्शक देहात छातीपासून शेपटीकडे गेलेली तेलाची लांबट पिशवी स्पष्ट दिसते. हे तेल मुख्यतः मेणासारख्या एस्टरांचे, आणि भरल्या हंगामात सुक्या वजनाचा अर्ध्याहून अधिक भाग त्याचाच असतो. पिशवी भरली की बहुतेक पिल्ले पाचव्या कोपेपोडिड अवस्थेत, म्हणजे प्रौढ होण्याच्या एक पायरी आधी, शेकडो मीटर खाली उतरतात. तिथे खाणे बंद, श्वसन मंद. मुंबईच्या उबदार पाण्यातल्या कोपेपोडांना अशा लांब झोपेची गरज पडत नाही. त्यांची पिढी काही आठवड्यांत उरकते.

स्पर्धा खरी आहे ती अंडी केव्हा घालायची यात. हायपरबोरियस भर हिवाळ्यात, अंधारात, साठवलेल्या तेलावरच अंडी घालते. ती तरंगत वर येतात. फिनमार्किकसला त्यासाठी ताजे शैवाल लागते. ग्लेशियालिस दोन्ही जमवते. वसंतात बर्फाच्या तळाला चिकटलेले शैवाल खाऊन माद्या अंडी घालतात, आणि बर्फ फुटून खुल्या पाण्यात शैवालाचा बहर येतो तेव्हा पिल्ले तो खाण्याइतकी वाढलेली असतात. बर्फ लवकर वितळला की दोन बहरांमधले अंतर कमी होते आणि हे वेळापत्रक विस्कटते. शिवाय पाणी ५-६ अंश सेल्सियसच्या वर गेले की ग्लेशियालिसचा श्वसनखर्च खाण्यातून भागेनासा होतो, तर फिनमार्किकसला ते तापमान मानवते.

ग्लेशियालिसच्या एका पिल्लात फिनमार्किकसच्या सु. दहापट तेल असते. त्यामुळे कॅलॅनस खाणाऱ्या लिटल ऑक या समुद्रपक्ष्याला फिनमार्किकस या छोट्या जातीवर पोट भरायचे तर जास्त प्राणी टिपावे लागतात. तरीही यावरून उपासमारीचे सरळ गणित मांडणे घाईचे ठरेल: छोटी जात लवकर वाढते, लवकर पिढी बदलते, आणि संख्येने ती तूट काही अंशी भरून काढू शकते.

दक्षिण ध्रुवाकडे चित्र वेगळे. तिथली कॅलॅनस प्रोपिंक्वस मेणाऐवजी ट्रायग्लिसराइड (साधी चरबी) साठवते आणि हिवाळ्यातही बऱ्यापैकी जागी राहते.

नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचा काँग्सफ्योर्ड (फ्योर्ड म्हणजे जमिनीत आत शिरलेली अरुंद, खोल खाडी) हा या जातींच्या सरमिसळीचा नमुना. अटलांटिकचे कोमट पाणी तिथे थेट आत शिरते. भारताचे ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र (२००८) त्याच्याच काठी आहे, आणि २०१४ मध्ये फ्योर्डात १९२ मी. खोलीवर भारताने ‘इंडआर्क’ ही वेधशाळा उतरवली.

जुन्या नोंदी वाचताना मात्र जपून. पूर्वी फिनमार्किकस व ग्लेशियालिस या जाती शरीराच्या लांबीवरून वेगळ्या करत. जनुकीय तपासणीत दोघींची मापे एकमेकींत मिसळलेली निघाली.